मोडी कोड, बाळबोध कोड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरीला तीन वर्षं झाली. शेजारी बसणारा सहकारी अत्यंत गबाळा कोड लिहितो: ‘टेम्प’, ‘टेम्प-टू’, ‘फायनल’, ‘फायनल-न्यू’ अशी नावं, तीनतीनशे ओळींची फंक्शन्स (एकेका कामाचे कोडचे तुकडे), कॉमेंट करून म्हणजे चालू नये असा झाकून ठेवलेला मेलेला कोड तसाच पडलेला. पण सकाळी काम दिलं तर जेवायच्या सुट्टीपर्यंत उरकतो. तुम्ही टापटिपीचे. नावं विचार करून देता, फंक्शन्स छोटी ठेवता, आणि तेवढ्याच कामाला तुम्हाला दोन दिवस लागतात. टीम लीड पाठ थोपटतो ती त्याची. तर बरोबर कोण, आणि तुम्ही आपली पद्धत बदलावी का?

यात एक गोष्ट तुम्ही सांगितलेली नाही आणि उत्तर नेमकं तिथेच अडलंय. सहा महिन्यांनी त्याच्या कोडमध्ये आणि तुमच्या कोडमध्ये बदल करायची वेळ आली, तेव्हा काय झालं? कोड दिसतो कसा आणि पहिल्यांदा चालू व्हायला किती वेळ लागला, एवढंच तुमच्या प्रश्नात आहे. त्यावरून निकाल द्यायचा म्हणजे दिवाणखाना बघून संसार कसा चाललाय ते सांगायचं.

मी स्वतः टापटीप पार्टीचा. हे काम करायला लागून २४ वर्षं झाली, त्यातली पहिली बारा-तेरा बँकांच्या सॉफ्टवेअरमध्ये गेली. गबाळा कोड लिहिणाऱ्यांबद्दल मला तुमच्याइतकाच, किंबहुना जास्त राग होता. तो राग निम्मा कसा उतरला ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आमच्या कंपनीकडे तेव्हा दोन प्रॉडक्ट्स होती. जुनं प्रॉडक्ट एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी जवळजवळ एकहाती लिहिलेलं. कोबोल या जुन्या भाषेवर हात बसलेला माणूस, वाय-टू-केच्या (२००० साल उजाडताना तारखांच्या गडबडीची भीती होती त्या) दिवसांत रात्री जागवून आलेला. सगळे त्यांना काका म्हणायचे. नवं प्रॉडक्ट आम्ही तिघं पोरं लिहीत होतो. बचत खात्याच्या व्याजाचा भाग जुन्यात काकांचा, नव्यात माझा. म्हणजे एकच नियम, दोन माणसांनी दोन पद्धतींनी लिहिलेला.

काकांचं व्याजाचं फंक्शन नऊशे ओळींचं होतं. व्हेरिएबल्सची नावं एक्स, एक्स-वन, बॅल, बॅल-टू, आणि एकाचं नाव चक्क ‘नको’. टॅब आणि स्पेस यांची खिचडी, त्यामुळे दुसऱ्या एडिटरमध्ये उघडलं की ओळी दारू प्यायल्यासारख्या दिसायच्या. अधूनमधून कॉमेंट, त्याही अशा: ‘साहेबांनी सांगितलं म्हणून.’ कुठले साहेब, काय सांगितलं, पत्ता नाही. माझं काम याच्या बरोबर उलट. अकरा फाइल्स. सगळ्यात मोठं फंक्शन चौदा ओळींचं. मधोमध एक क्लास (कोडचा एक स्वतंत्र घटक), ‘मासिक किमान शिल्लक’, आणि बाकी सगळे त्याच्याकडून आकडा मागून घेणारे. त्या रचनेचा आराखडा मी छापून टेबलावर लावला होता. हसा खुशाल.

आता नियम बघा. त्या काळी बँकांत बचत खात्याचं व्याज महिन्याच्या १० तारखेपासून शेवटच्या दिवसापर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी शिल्लक असेल तिच्यावर मिळायचं, दर साल ३.५ टक्के. समजा खात्यात काहीच नव्हतं, ५ मार्चला ५०,००० भरले आणि २५ मार्चला ४५,००० काढले. वीस दिवस पैसे बँकेत होते, पण किमान शिल्लक ५,००० धरली जाणार. मार्चचं व्याज १४ रुपये ५८ पैसे. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१० पासून हे बदललं आणि रोजच्या शिलकीवर व्याज काढायला लावलं. नव्या हिशेबाने वीस दिवस ५०,००० आणि सात दिवस ५,००० यांची बेरीज १०,३५,०००. त्यावर ३.५ टक्क्यांनी एका दिवसाचं व्याज काढलं की ९९ रुपये २५ पैसे. ग्राहकाच्या दृष्टीने केवढा फरक! आणि प्रोग्रामरच्या दृष्टीने? काकांच्या फंक्शनमध्ये १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंत फिरणारा एक लूप होता. रोजची शिल्लक बघायची, आधीच्यापेक्षा कमी असेल तर ती ठेवायची. त्यांनी १० चा १ केला, ‘कमी असेल तर ठेव’ऐवजी ‘बेरीज कर’ केलं, आणि खाली बाराशेने भागत होते तिथे ३६,५०० ने भागलं. तीन ओळी. चहा यायच्या आत.

मला अर्धा दिवस लागला, पण माझ्याकडे नियम एकाच जागी होता. ‘मासिक किमान शिल्लक’च्या पोटात किमान काढायचं सोडून बेरीज काढली, एका जागी भागाकार बदलला, टेस्ट्स (कोड बरोबर चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्राम) चालवल्या, सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. अकरा फाइल्सना हात लावावा लागला नाही. मी मनातल्या मनात माझीच पाठ थोपटली.

आणि मे महिन्यात काकांचा बग, म्हणजे कोडमधली चूक, सापडला. तो कुणा टेस्टरने नाही शोधला. एका शाखेत खातं बंद करायला आलेल्या निवृत्त मास्तरांनी वही उघडून मॅनेजरपुढे हिशेब मांडला. खातं मधेच बंद केलं तर तोपर्यंतचं व्याज काढायचा कोड वेगळा होता. वेगळा म्हणजे तोच, उचलून दुसरीकडे डकवलेला. काकांनी तो लूप वर्षानुवर्षं असा पाच ठिकाणी डकवला होता. चार ठिकाणी त्यांनी बदल केला, पाचवं राहिलं. रक्कम शंभर रुपयांच्या आतली, पण १ एप्रिलपासून बंद झालेलं प्रत्येक खातं शोधून काढावं लागलं आणि त्या माणसांना फरक पोचवावा लागला. काका त्या आठवड्यात कुणाशी फारसं बोलले नाहीत.

इथे गोष्ट संपली असती तर मी आजही तुमच्यासारखाच ठाम असतो. पण पुढच्या वर्षी, ३ मे २०११ पासून, बचतीचा दर ३.५ वरून ४ टक्के झाला. तारीख नीट बघा: ३ मे. महिन्याच्या मध्येच. मे महिन्याचे पहिले दोन दिवस जुन्या दराने, उरलेले एकोणतीस नव्या दराने. काकांचा लूप रोजच्या रोज फिरत होता. दर वाचायची ओळ त्यांनी लूपच्या बाहेरून आत आणली आणि त्या तारखेचा दर मागितला. माझ्याकडे मात्र ‘महिना’ हाच अणू होता, तो फोडायचा कसा? प्रत्येक फंक्शन एक महिना, एक आकडा, एक दर असं मागत होतं. डेटाबेसच्या टेबलात खात्याला महिन्याला एक ओळ. शिवाय क्लासचं नाव अजून ‘मासिक किमान शिल्लक’च होतं, आणि आत किमान वगैरे काही नव्हतं, होती रोजच्या शिलकींची बेरीज. नाव ‘पुढच्या रिलीजला’ बदलू म्हणून ठेवलं होतं. नव्याने आलेल्या मुलीने ते नाव वाचलं, भाबडेपणाने खरं मानलं, आणि त्यावर एक रिपोर्ट बांधून मोकळी झाली. तिची काहीच चूक नव्हती. इतक्या नीटनेटक्या कोडमधलं नाव खोटं असेल अशी शंका कुणाला येणार? काकांच्या ‘एक्स-वन’वर कुणी विश्वास ठेवलाच नसता.

मला नऊ दिवस लागले. (त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला रिझर्व्ह बँकेने बचतीचे दर बँकांवर सोपवले आणि लाखाच्या वरच्या शिलकीला वेगळा दर देता येऊ लागला. तोपर्यंत मी शहाणा झालो होतो. ते काम दीड दिवसात झालं.)

तर या सगळ्यात गबाळं काय होतं? काकांच्या कोडमध्ये डोळ्यांना खुपणारा पसारा होता, तो म्हणजे नावं, टॅब, नऊशे ओळी. त्या पसाऱ्याने ग्राहकाचा एक पैसाही चुकवला नाही. चुकवला तो एकाच नियमाच्या पाच नकलांनी, आणि त्या नकला एकेक बघितल्या तर दिसायला मुळीच वाईट नव्हत्या. माझ्याकडे छोटी फंक्शन्स आणि टेस्ट्स कामाला आल्या. नडला तो माझा अंदाज. ‘व्याज नेहमी महिन्यावरच निघणार’ हे मी गृहीत धरलं आणि अकरा फाइल्सच्या भिंतींत चिणून टाकलं. जे अजून कळलेलं नाही ते सिमेंटने पक्कं करायचं, हाही पसाराच. फक्त तो इस्त्री केलेला असल्यामुळे रिव्ह्यूमध्ये, म्हणजे सहकारी कोड तपासतात तेव्हा, कुणी बोट ठेवत नाही.

म्हणून कुणी मला ‘मेसी की क्लीन’ असं विचारलं की मला मोडी आणि बाळबोध आठवतं. आपल्याकडे पोथ्या बाळबोधीत लिहीत आणि रोजचा कारभार मोडीत. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायचा आणि तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता लिहीत जायचा. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. बाहेरच्याला नुसती गिचमिड. पण दफ्तरातल्या कारकुनाला तो कागद आपल्यासारखाच भराभर वाचता यायचा, कारण त्या गिचमिडीला नियम होते आणि ते त्याच्या हातात बसलेले होते.

प्रोग्रामिंगमधला मोडीचा सगळ्यात झणझणीत नमुना म्हणजे आर्थर व्हिटनी हे प्रोग्रामर. १९८९ च्या उन्हाळ्यात ते एपीएल भाषेचे जनक केनेथ आयव्हर्सन यांच्याकडे गेले होते, आणि एका दुपारी त्यांनी सी भाषेत एका पानात मावणारा इंटरप्रिटरचा (कोड वाचून तिथल्या तिथे चालवणाऱ्या प्रोग्रामचा) तुकडा लिहून दिला. एका अक्षराची नावं, ओळी खच्चून भरलेल्या, मोकळी जागा जवळजवळ नाहीच. कुठल्याही कॉलेजात हा कोड दिला तर शून्य मार्क. रॉजर हुई यांनी मात्र ते पान आठवडाभर अभ्यासलं आणि त्याच धर्तीवर ‘जे’ (J) नावाच्या भाषेचा इंटरप्रिटर लिहायला घेतला. म्हणजे तो पसारा नव्हता. ती लिपी होती. एक अक्षर प्रत्येक ठिकाणी एकाच अर्थाने वापरलेलं, एकच चाल पुन्हा पुन्हा. ती एकदा शिकली की अख्खा प्रोग्राम एका नजरेत येतो, वरखाली स्क्रोल करावं लागत नाही.

तेव्हा तुमच्या सहकाऱ्याचा कोड बघताना आधी हे तपासा की ती मोडी आहे की नुसती गिचमिड. ‘टेम्प’ दर वेळी एकाच तऱ्हेच्या गोष्टीला वापरतो का? चूक आली तर दर वेळी सारख्याच पद्धतीने हाताळतो का? काकांचं उत्तर बहुतेक ठिकाणी ‘हो’ होतं. महिनाभर त्यांच्याजवळ बसल्यावर मला ‘बॅल-टू’ म्हणजे नेहमी दिवसअखेरची शिल्लक असते हे कळलं आणि नऊशे ओळी अचानक सरळ दिसू लागल्या. पण मोडीचा दुसरा भागही विसरू नका. मोडीतले लाखो कागद आज दफ्तरखान्यांत आहेत आणि ते वाचणारी माणसं मोजकी. लिहिणारा असेपर्यंतच लिपी जिवंत. आठवड्याला नवा माणूस येतो आणि महिन्याला एक जातो अशा टीममध्ये मोडी लिहिणं म्हणजे पुढच्यावर अन्यायच. दोघातिघांनी दहा वर्षं मिळून सांभाळायचं असेल, तर मी मोडीला नाक मुरडणार नाही.

आता वरवरच्या टापटिपीबद्दल. कंस कुठे उघडायचा, किती जागा सोडायची, ओळ किती लांब, यावर माणसांनी आयुष्यं घालवली आहेत. पायथनचा पीईपी-८ हा शैलीचा दस्तऐवज २००१ पासून आहे आणि त्यात ओळ ७९ अक्षरांची. हा आकडा मागे मागे नेला तर ८० रकान्यांच्या पंचकार्डापर्यंत पोचतो, आणि ते कार्ड आयबीएमने १९२८ मध्ये आणलेलं. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या (कर्नलच्या) शैलीपत्रकात टॅब आठ अक्षरांचा. त्यावर कुणी कुरकुर केली की उत्तर तयार: तीनपेक्षा जास्त पायऱ्या आत जावं लागत असेल तर तुमचं गणितच चुकलंय, आधी प्रोग्राम दुरुस्त करा. मला हे उत्तर आवडतं. टॅबच्या रुंदीवर भांडण सुरू झालं आणि शेवटी ते विचारांच्या खोलीवर आलं.

पण हे भांडण आता जवळपास मिटलंय. गो भाषा २००९ मध्ये आली ती गो-फॉरमॅट हे अवजार सोबत घेऊनच. कोड कसा दिसायचा ते अवजार ठरवणार, तुम्हाला विचारणार नाही. जावास्क्रिप्टला प्रीटियर आलं, पायथनला २०१८ मध्ये ब्लॅक आलं. कुणाचीच आवड पूर्ण होत नाही, म्हणून कुणी कुणावर रुसत नाही. तुमच्या टीममध्ये हे अजून नसेल तर उद्याच लावा. तुमच्या दोघांतली निम्मी तफावत त्याच दिवशी पुसली जाईल आणि उरलेली निम्मी स्पष्ट दिसू लागेल. जुन्या फाइल्स फॉरमॅट करताना एक पथ्य मात्र पाळा. फॉरमॅटचा कमिट (बदलांची नोंद) वेगळा, त्यात लॉजिकचं एक अक्षर बदलू नका, आणि त्या कमिटचा नंबर गिट या बदल नोंदवणाऱ्या अवजाराच्या ‘ब्लेम’ला (कुठली ओळ कुणी लिहिली ते दाखवणाऱ्या सोयीला) वगळायला सांगा. २.२३ व्हर्जनपासून, म्हणजे २०१९ पासून, ती सोय आहे. नाहीतर कुठलीही ओळ कुणी लिहिली विचारलं की गिट तुमचंच नाव सांगेल, आणि दोन वर्षांनी काकांच्या बगचा जाब तुम्हाला द्यावा लागेल. मी दिलाय.

दिसायला नीट म्हणजे नीट, या समजाला सगळ्यात मोठा धक्का बसला तो फेब्रुवारी २०१४ मध्ये. ॲपलच्या फोन आणि संगणकांतला सुरक्षित जोडणीचा कोड. एकामागून एक तपासण्या, आणि प्रत्येक तपासणीखाली थोडं आत सरकवलेली एक ओळ: ‘गोटू फेल’, म्हणजे इथून सरळ शेवटी उडी मार. एका ठिकाणी ती ओळ चुकून दोनदा आली. दुसरी ओळही पहिलीइतकीच आत सरकवलेली, एकाखाली एक, अगदी देखणी. वाचणाऱ्याला वाटणार दोन्ही ओळी त्या अटीच्याच ताब्यात आहेत. पण कंस नव्हते, त्यामुळे अटीच्या ताब्यात फक्त पहिली, दुसरी बिनशर्त. तिथे आलं की नेहमीच उडी, आणि तोपर्यंत चूक कुठलीच न सापडल्यामुळे निकाल ‘सगळं ठीक’. सर्व्हरची सही तपासायची ओळ त्या उडीच्या पुढे होती, तिथपर्यंत कुणी पोचलंच नाही. समोरचा सर्व्हर खरा की तोतया, हे न बघताच जोडणी व्हायची. २०१६ मध्ये आलेल्या जीसीसी ६ या कंपायलरने (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने) फसव्या इंडेंटेशनबद्दल, म्हणजे ओळी अशा आत सरकवण्याबद्दल, इशारा द्यायला सुरुवात केली. मी नव्या मुलांना ही दोन ओळींची गोष्ट फळ्यावर लिहून दाखवतो. कोड नीट ‘दिसत’ असेल तर डोळा सुस्तावतो. ओबडधोबड असता तर कुणीतरी थांबून वाचलं असतं.

फॉरमॅटर लावल्यावरही माणूस कोडमधून दिसतोच. आमच्या टीममधला कुठलाही तीस ओळींचा तुकडा नाव झाकून दाखवा, कुणाचा ते मी बहुधा ओळखेन. एक जण सगळ्या नकाराच्या अटी वरच निकालात काढतो आणि मग मोकळ्या मैदानात काम करतो. दुसरी अटीत अट, अटीत अट घालत कोडला जिन्यासारखं उजवीकडे नेते. तिसरा एरर पकडतो आणि गिळून टाकतो. त्याचा कोड सगळ्यात स्वच्छ दिसतो आणि प्रॉडक्शनला, म्हणजे ग्राहकाकडे चालू असलेल्या सॉफ्टवेअरसाठी, रात्री फोन त्याच्यामुळेच येतो. ही खरी शैली. यातल्या कुठल्या सवयी सोडायच्या ते फॉरमॅटर सांगत नाही, रिव्ह्यूमध्ये माणसालाच सांगावं लागतं.

नावांबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण आपल्याकडे त्याला एक खास मराठी पीळ आहे. पतसंस्था, साखर कारखाने, नगरपालिका यांच्यासाठी लिहिलेल्या कितीतरी सॉफ्टवेअरमध्ये व्हेरिएबल्स मराठीत असतात, रोमन लिपीत. मला ते आवडतं. ‘हप्ता’, ‘जामीनदार’, ‘थकबाकी’ या शब्दांना ग्राहकाच्या तोंडात जो अर्थ आहे तोच कोडमध्ये राहतो, मधे भाषांतर करताना काही सांडत नाही. पण एका ठिकाणी मला ‘व्याज’ तीन तऱ्हेने लिहिलेलं सापडलं. एकाने मधे एक ‘ए’ लावलेला, दुसऱ्याने दोन, तिसऱ्याने ‘व्ही’च्या जागी ‘डब्ल्यू’. शोध घेतला की एक तृतीयांशच जागा सापडायच्या. प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे बघितली तर टापटीप. पसारा फाइल्सच्या मधल्या फटींत होता. एकशब्दी उपाय: यादी. एका पानावर वीस-पंचवीस शब्द आणि त्यांचं रोमन स्पेलिंग, टीममध्ये सगळ्यांनी तेच वापरायचं. ‘टेम्प-टू’ पाहून तुम्हाला जेवढा त्रास होतो तेवढा या प्रकाराचा होत नसेल, पण पैसे खाणारा प्रकार हा आहे.

आता तुमच्या दोन दिवसांकडे येतो. इथे मी थोडं परखड बोलणार आहे. माझा संशय असा की तुम्ही प्रश्न सुटायच्या आधी आवरायला घेता. पहिल्या तासात फाइल्स पाडता, नावं ठरवता, फंक्शनांचे तुकडे करता, आणि दुपारी कळतं की प्रश्नच वेगळा आहे. मग आवरलेलं मोडवत नाही. मीही हेच करायचो. हल्ली मी सुरुवात तुमच्या सहकाऱ्यासारखीच करतो: एकच फाइल, वाटेल ती नावं, आकडे थेट कोडमध्ये लिहिलेले, खाली-वर प्रिंट. पुरणपोळ्या करताना ओट्यावर पीठ सांडणारच, दर पोळीला ओटा पुसत बसलं तर पंगत उठेल. काम चाललं, प्रश्न कळला, मग टेस्ट्स लिहितो, आणि त्यानंतर आवरायला घेतो. तेव्हा नावं आपोआप सुचतात, कारण गोष्ट काय आहे ते आता माहीत असतं. यातलं शेवटचं पाऊल टाळलं की मी तुमचा सहकारी होतो. पहिलं टाळलं की तुम्ही.

आणि ते शेवटचं पाऊल टाळणारे सगळे एक शब्द फेकतात: टेक्निकल डेट. उधारी. वॉर्ड कनिंगहॅम यांनी ही उपमा १९९२ मध्ये दिली, एका आर्थिक सॉफ्टवेअरच्याच अनुभवावरून. पण गबाळं लिहा आणि नंतर बघू, असं त्यांना मुळीच म्हणायचं नव्हतं. आज जेवढं कळलंय तेवढं प्रामाणिकपणे लिहून पुढे जायचं, आणि समज वाढली की कोड त्या समजेशी जुळवून घेऊन उधारी फेडायची, असा त्याचा अर्थ. माझं ‘मासिक किमान शिल्लक’ हे बिनफेडीच्या उधारीचं चोख उदाहरण. समज बदलली, नाव राहिलं.

एक गोष्ट गेल्या दोन-तीन वर्षांत नवीन झालीय, तीही लक्षात ठेवा. आधी नीट कोड दिसला की एवढं तरी कळायचं की कुणीतरी यावर वेळ घालवलाय, डोकं लावलंय. आता एआयला सांगितलं की अर्ध्या मिनिटात चौदा-चौदा ओळींची फंक्शन्स, सुंदर नावं आणि वर कॉमेंट असा कोड हातात येतो. तुमचा सहकारी उद्यापासून तुमच्याहून टापटीप दिसेल, तोही जेवायच्या सुट्टीआधी. म्हणजे दिसण्यावर तुमचा जो भर आहे तो भांडवल म्हणून आता फारसा उरणार नाही. नियम किती ठिकाणी लिहिलाय, नाव खरं बोलतंय का, अंदाज कुठे चिणलाय, हे बघायची नजर मात्र विकत मिळत नाही.

टीम लीडचं म्हणाल तर त्याला दोष देऊ नका. त्याच्या पाटीवर तिकीट (कामाची नोंद) बंद झाल्याची तारीख दिसते. तेच तिकीट तीन महिन्यांनी नवं नाव घेऊन परत आलं, हे दिसत नाही. तक्रार घेऊन गेलात तर ‘कोड घाण आहे’ ही रुचीची बाब ठरेल आणि तुम्ही कटकटे ठराल. त्याऐवजी मोजा. येत्या दोन महिन्यांत जुन्या कोडमध्ये बदल सांगणारी जेवढी तिकिटं येतील, त्यातल्या प्रत्येकासाठी किती ठिकाणी हात घालावा लागला आणि मूळ लिहिणाऱ्याला किती वेळा विचारावं लागलं, एवढे दोनच आकडे टिपून ठेवा. तुमच्या कोडचेही, प्रामाणिकपणे. आकडे तुमच्या विरुद्ध गेले तर मला आश्चर्य वाटणार नाही, माझे गेले होते.

आणि काम अदलाबदल करून बघा. त्याच्या कोडमधलं पुढचं तिकीट तुम्ही घ्या, तुमच्यातलं त्याला द्या. त्याला कोड समजावून सांगायला लावू नका, तो कुठे अडतो ते फक्त बघा. आणि तुम्ही त्याच्या कोडमध्ये अडाल तेव्हा त्याला विचारा, ‘हा बदल करताना आणखी कुठे कुठे बघतोस?’ याचं उत्तर त्याच्याकडे नक्की असतं, फक्त ते कोडमध्ये नसतं. काकांकडेही होतं. त्या मास्तरांच्या प्रकरणानंतर त्यांनी एका कागदावर ती पाच ठिकाणं लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवली होती, आणि पुढच्या वर्षी दर बदलला तेव्हा एकेकावर टिक करत पाचही दुरुस्त केली. ते निवृत्त झाल्यावर काही महिन्यांनी मला तो कागद आठवला. जागेवर जाऊन बघितलं तर मॉनिटर बदललेला होता.